बोटांना मानवेल असा स्विच

साध्या कीबोर्डचं एखादं बटण अगदी सावकाश दाबून पाहा. सुरुवातीला बोटाला बऱ्यापैकी विरोध होतो, मग अचानक खाली काहीतरी बसल्यासारखं वाटतं आणि बटण तळाला टेकतं. अक्षर उमटतं ते जवळजवळ त्या शेवटच्या क्षणी. बटणाखाली रबराची छोटी घुमटी असते. ती पुरती दबली, की खालच्या प्लास्टिक फिल्मचे दोन थर एकमेकांना टेकतात आणि संगणकाला संदेश जातो. म्हणजे अक्षर हवं असेल तर दर वेळी तळ गाठावाच लागतो. बोटं हा धडा फार लवकर शिकतात. अक्षर सुटू नये म्हणून ती गरजेपेक्षा जास्त जोराने खाली जातात, आणि दिवसभरात हजारो वेळा एका कडक पृष्ठभागावर आदळतात.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. प्लास्टिकची एक डबी, तिच्यात वर-खाली सरकणारा दांडा म्हणजे स्टेम, स्टेमखाली धातूची स्प्रिंग, आणि बाजूला धातूच्या दोन पात्या. बटण वर असतं तेव्हा स्टेमचे दोन पाय एका पातीला दूर ढकलून ठेवतात. स्टेम खाली गेला की पाय बाजूला होतात, पाती मोकळी होऊन दुसरीला टेकते आणि अक्षर उमटतं. चेरी कंपनीच्या एमएक्स लाल स्विचमध्ये बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण पात्या टेकतात २ मिलिमीटरवर. काम अर्ध्या वाटेवरच झालेलं असतं. उरलेले २ मिलिमीटर बोटाला थांबण्यासाठी दिलेली मोकळी जागा आहे.

स्विच निवडताना माझं सगळं लक्ष आता या उरलेल्या २ मिलिमीटरवर असतं. स्विचांच्या जाती रंगावरून ओळखायची पद्धत आहे, म्हणून ‘कोणता रंग घेऊ?’ हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याला उत्तरंही रंगातच मिळतात. खरं विचारायला हवं ते असं: माझं बोट कुठे थांबतं, आणि थांबताना त्याला किती जोर सोसावा लागतो?

रंगांची भाषा, आणि ती कुठे फसवते

चेरीने एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आणले. पुढे पेटंटची मुदत संपली आणि साधारण २०१४ नंतर त्याच मापाचे स्विच बनवणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. गेटेरॉन, कायल, आउटेमू ही त्यांतली ठळक नावं. सगळ्यांनी स्टेमच्या माथ्यावरचा अधिकच्या चिन्हासारखा आकार कायम ठेवला, त्यामुळे एकाचे कीकॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, दुसऱ्याच्या स्विचवर बसतात. मेकॅनिकल कीबोर्डच्या छंदाला एवढे फाटे फुटले त्यामागे ही सोय आहे.

चेरीचे रंग मात्र निम्मेच पाळले गेले. लाल म्हणजे लिनिअर, तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, निळा म्हणजे क्लिकी, एवढं बहुतेक ठिकाणी खरं ठरतं. त्यापुढे भरवसा नाही. चेरीचा ‘क्लिअर’ हा चांगला घट्ट टॅक्टाइल स्विच आहे, तर गेटेरॉनचा ‘क्लिअर’ त्यांच्या सर्वांत हलक्या लिनिअर स्विचांपैकी एक. नाव तेच, पण हाताला विरुद्ध टोकांचे अनुभव. आता तर फळांची, पक्ष्यांची, मिठाईची नावं असलेले शेकडो स्विच मिळतात; नावावरून काहीच कळत नाही. रंग विसरा आणि तीन जाती तेवढ्या लक्षात ठेवा.

लिनिअर स्विच वरपासून खालपर्यंत सारखा गुळगुळीत जातो, फक्त स्प्रिंग दबत जाईल तसा विरोध वाढत राहतो. टॅक्टाइलमध्ये स्टेमच्या पायांवर छोटा उंचवटा असतो. तो पातीवरून सरकताना बोटाला एक अडथळा आणि लगेच सुटका जाणवते. क्लिकी स्विचमध्ये या अडथळ्याला आवाजाची जोड मिळते. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये स्टेमला एक सैल बाही असते, ती झटक्याने खाली आपटून टिक असा आवाज करते. कायलच्या बॉक्स मालिकेतल्या क्लिकी स्विचांत हेच काम एक बारीक तार करते. बाहीच्या स्विचला एक खोड आहे. अक्षर जिथे उमटतं त्याहून बरंच वर येईपर्यंत स्विच पुन्हा तयार होत नाही. तेच अक्षर भराभर दोनदा दाबताना हे जाणवतं.

टॅक्टाइलबद्दल एक समज फार पसरलेला आहे आणि मला तो खोडावासा वाटतो. समज असा, की अडथळा लागल्यावर बोटाला ‘झालं’ असं कळतं, मग ते तिथेच थांबतं, म्हणून टॅक्टाइल कमी थकवतो. कागदावर हे पटतं. पण वेगाने टाइप करताना कोणाचंही बोट उंचवट्यानंतर थांबत नाही, कारण मेंदूने पुढच्या अक्षराचा हुकूम आधीच सोडलेला असतो. उलट, उंचवटा जितका मोठा तितका तो ओलांडायला जोर जास्त, आणि ओलांडताच विरोध एकदम कमी. जड दार ढकलताना ते अचानक उघडलं की आपण आत झोकांडतो, तसं बोट तळावर जातं. मोठ्या उंचवट्याचे स्विच हाताला अतिशय गोड लागतात. एकेकटं बटण दाबून पाहण्यात तर फारच मजा असते. पण दिवसाचे सहा-सात तास लिहिणाऱ्याला मी ते डोळे झाकून सुचवणार नाही. हलका, गोलसर उंचवटा असलेला टॅक्टाइल वेगळा. तो लय देतो आणि फारसं काही मागत नाही.

स्विचवरचा आकडा नेमकं काय सांगतो

स्विचच्या वर्णनात ‘४५ ग्रॅम’, ‘६२ ग्रॅम’ असं काहीतरी असतंच. कधी ग्रॅमऐवजी सेंटिन्यूटन लिहितात. ४५ सेंटिन्यूटन म्हणजे जवळपास ४६ ग्रॅमचं वजन, तेव्हा तो फरक सोडून द्या. गोंधळ खरा वेगळाच आहे. हा आकडा कोणत्या जागेचा?

अक्षर उमटतं त्या जागी लागणारा जोर हा एक आकडा. तळाला टेकताना लागणारा जोर हा दुसरा. टॅक्टाइलमध्ये उंचवट्याच्या माथ्यावरचा जोर हा तिसरा. चेरीच्या लाल स्विचचे ‘४५’ हे पहिल्या प्रकारचे आहेत. तळाशी पोहोचेपर्यंत तोच स्विच साधारण ६० पर्यंत जातो. छोट्या कंपन्यांचे खास स्विच मात्र बहुतेकदा तळाचा आकडा छापतात. त्यामुळे कोणी ‘६२ ग्रॅमची स्प्रिंग’ म्हटलं आणि तुमचा आधीचा स्विच ‘४५’ चा असेल, तर दचकू नका. बोटाला दोन्ही जवळपास सारखे वाटण्याची शक्यता दाट आहे. ‘हा फार जड निघाला’ किंवा ‘फारच पोकळ निघाला’ अशा तक्रारींच्या मुळाशी कित्येकदा एवढीच चूक असते.

चौथा आकडा कोणी सहसा छापत नाही, आणि माझ्या मते आरामाच्या दृष्टीने तो सगळ्यांत मोलाचा आहे: बटण हलायला सुरुवात होताना लागणारा जोर. टाइप न करता विचार करत बसलात की बोटं बटणांवर टेकलेली असतात. स्प्रिंग सुरुवातीलाच मऊ असेल तर बोटांच्या नुसत्या वजनाने बटण दबू लागतं आणि नको ती अक्षरं उमटतात. मग आपण नकळत बोटं हवेत धरायला लागतो.

हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. माझा पहिला मेकॅनिकल कीबोर्ड क्लिकी आणि बराच जड होता. आवाजाच्या प्रेमात पडून घेतला होता आणि महिनाभर त्याच्यावर मनापासून खूश होतो. मग संध्याकाळी कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला ताठरपणा यायला लागला. मी दुसऱ्या टोकाला गेलो: सगळ्यांत हलके, ३५ ग्रॅमचे लिनिअर. पहिले दोन दिवस लोण्यावर बोटं फिरवल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून चुका वाढल्या, आणि आठवड्याने पुन्हा हात दुखायला लागला, या वेळी मनगटाच्या वर, पंजाच्या पाठीला. कारण लक्षात यायला वेळ लागला. दाबायला जोर लागत नव्हता, पण न दाबण्यासाठी लागत होता. दहाही बोटं दिवसभर उचलून धरणं हे काम आहे, आणि तेही न थांबता चालणारं.

हलका म्हणजे आरामदायी, हे समीकरण म्हणूनच मी मानत नाही. बोटाचं वजन पेलण्याइतका सुरुवातीचा विरोध हवा आणि तळाशी जोर फार वाढायला नको. या दोन्ही गोष्टी एकत्र साधायला लांब स्प्रिंग वापरतात. नेहमीची स्प्रिंग सुमारे १४-१५ मिलिमीटरची असते. २० ते २२ मिलिमीटरची स्प्रिंग त्याच डबीत बसवली की ती आधीच बरीच दबलेली राहते. साहजिकच सुरुवातीपासून ती बोटाला भक्कम परत ढकलते, आणि पुढच्या ४ मिलिमीटरमध्ये तिचा जोर कमी वाढतो. अशा स्विचवर बोटं निवांत टेकता येतात.

आकडे स्वतः तपासायचे असतील तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. कीबोर्ड काट्यावर ठेवा, वायर सैल सोडा, काटा शून्यावर आणा. मग एक बटण हळूहळू दाबत स्क्रीनवर अक्षर उमटताच काट्यावरचा आकडा वाचा. तसंच पुढे जाऊन तळ लागतो तिथला आकडा. आत्ता वापरत असलेल्या कीबोर्डचं हे माप आधी घेऊन ठेवा. त्यावर तुमचा हात दुखतो की नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पुढची सगळी तुलना त्याच्याशी करता येते.

चाचणी बोटांनी घ्यायची, तीही करंगळीने

नऊ-दहा वेगवेगळे स्विच बसवलेली छोटी पाटी मिळते, तिला स्विच टेस्टर म्हणतात. जाती ओळखायला ती चांगली आहे. मात्र तिच्यावर आपण एकेक स्विच तर्जनीने, सावकाश, मजा घेत दाबतो, आणि तर्जनीला जवळपास सगळंच आवडतं. करंगळीला विचारा. शिफ्ट, एंटर, टॅब, बॅकस्पेस ही बहुतेक मंडळी तिच्याच वाट्याला येतात, आणि सगळ्यांत दुबळं बोट तेच. पाटीवरचा स्विच करंगळीने सलग पन्नास वेळा दाबा. ज्याला ती कंटाळली तो बाद.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड. पूर्वी स्विच सर्किटवर झाळलेले असत; एक बदलायचा तर झाळ सोडवावी लागे. हॉट-स्वॅपमध्ये खाली छोटे सॉकेट असतात, स्विच त्यात नुसता दाबून बसतो आणि चिमट्याने निघतो. नव्या माणसाने पहिला कीबोर्ड असाच घ्यावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिली निवड बरोबर ठरण्याची शक्यता कमीच असते, आणि इथे चूक झाली तरी फक्त स्विच बदलावे लागतात, कीबोर्ड नाही.

असा कीबोर्ड हाती असला की दोन-तीन जातींचे दहा-दहा स्विच आणा आणि सगळे एकदम बसवून पाहा. डाव्या हाताच्या मधल्या ओळीत एक प्रकार, उजव्या हाताच्या मधल्या ओळीत दुसरा. मग चाचणी म्हणून काही टाइप करू नका. रोजचं काम करा. तीन-चार दिवसांत एक हात दुसऱ्याबद्दल तक्रार करू लागतो. मग बाजू अदलाबदल करा, म्हणजे हात दुबळा की स्विच जड, हेही कळेल.

स्विच बसवताना घाई नको. प्रत्येकाखाली धातूच्या दोन नाजूक पिना असतात. त्या सरळ आहेत ना हे पाहून स्विच अगदी उभा धरून दाबायचा. तिरका दाबला की पिन दुमडते, आणि मग ते बटण चालत नाही. दुमडलेली पिन चिमट्याने सरळ होते, एकदा तरी. काही स्विचांना याखेरीज प्लास्टिकचे दोन जादा पाय असतात, त्यांना पाच पिनांचे म्हणतात. तुमच्या कीबोर्डात त्यांच्यासाठी भोकं नसतील तर ते दोन प्लास्टिकचे पाय कापून टाकले तरी चालतं.

आता आवाज. छंदातली निम्मी चर्चा आवाजाची असते. कीकॅप एबीएस प्लास्टिकचा की पीबीटीचा, स्विच ज्या पट्टीत बसतात ती ॲल्युमिनिअमची की पॉलिकार्बोनेटची, आत फोम आहे का, यावर लोक रात्री जागवतात. आरामाशी या सगळ्याचा संबंध थोडाच आहे. स्पेसबार किंवा एंटरसारखं लांब बटण खडखडत असेल तर त्याच्याखालच्या तारेला, म्हणजे स्टॅबिलायझरला, थोडं ग्रीस लावा. एवढ्या एका गोष्टीने कीबोर्ड वेगळाच वाटतो. लिनिअर स्विचांना आतून क्रायटॉक्सच्या २०५जी०सारखं घट्ट ग्रीस अगदी पातळ लावतात, त्याने घर्षण कमी होतं. टॅक्टाइलच्या पायांना ते लावलं तर उंचवटा बुजतो. हल्ली कारखान्यातूनच ग्रीस लावून येणारे स्विच बरेच चांगले असतात, तेव्हा नव्वद स्विच उघडून बसण्याची सुरुवातीला तरी गरज नाही.

आवाजाच्या निमित्ताने एक जात मात्र आवर्जून सांगायची आहे: सायलेंट स्विच. यांच्या स्टेमला वर आणि खाली रबराचे छोटे तुकडे असतात. ते बसवले आवाज मारण्यासाठी, पण त्यांनी बोटाचं आदळणंही मऊ होतं. काहींना हे चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतं आणि मी ते समजू शकतो. पण तुम्ही तळ गाठणारेच असाल, सवय मोडत नसेल, तर प्रत्येक आघाताखाली गादी घालणारा हा स्विच एकदा वापरून पाहाच. शेजारी कोणी काम करत असेल किंवा झोपलं असेल तर त्यांनाही बरं.

स्विचच्या पलीकडे

कित्येकदा दुखणं स्विचचं नसतंच. मेकॅनिकल कीबोर्ड साध्यापेक्षा उंच असतो. त्याचे मागचे पाय उघडले की तो आणखी तिरपा होतो आणि मनगट वरच्या बाजूला वाकतं. ते पाय मिटून टाका, खुर्ची जराशी उंच करा, मनगट सरळ रेषेत येतंय का पाहा. तळहाताखालची उशी टाइप करताना मनगट रोवून ठेवण्यासाठी नाही, मधल्या विश्रांतीसाठी आहे. उंची फारच खटकत असेल तर लो-प्रोफाइल स्विचचे बुटके कीबोर्ड मिळतात. त्यांचा एकूण प्रवास ३ मिलिमीटरच्या आसपास असतो.

कीबोर्डची रुंदीही पाहा. पूर्ण कीबोर्डावर १०४ बटणं असतात. उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा काढला की उरतात ८७, या आकाराला टीकेएल म्हणतात. माउस तेवढाच आत सरकतो आणि उजवा खांदा बाहेर ताणावा लागत नाही. आकडे सतत भरणाऱ्यांनी गठ्ठा ठेवावा. बाकीच्यांनी तो काढून पाहावा. दोन तुकड्यांत विभागलेले कीबोर्ड याच्याही पुढे जातात, खांद्याएवढ्या अंतरावर हात ठेवू देतात, पण त्यांची सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, रात्री जाग येत असेल, तर स्विच शोधणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

चेरीच्या मापाबाहेरही एक जग आहे. आयबीएमचा १९८५ सालचा मॉडेल एम अजूनही लोक जपून वापरतात. त्यात स्प्रिंग दबता दबता बाजूला वाकते आणि तिच्या तळाची छोटी पट्टी झटक्याने खाली आपटते. गंमत म्हणजे त्या पट्टीखाली फिल्मचेच थर आहेत, तरीही त्याला कोणी साधा कीबोर्ड म्हणत नाही. जपानी टोप्रे स्विचांत तर रबराची घुमटीच असते, फक्त तिच्याखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते आणि विद्युतधारकतेतला (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला) बदल मोजून अक्षर ओळखलं जातं. तळ गाठण्याआधीच काम होतं, त्यामुळे घुमटीचा मऊपणा मिळतो आणि आदळणं टळतं. नवे चुंबकीय स्विच पात्यांऐवजी चुंबक किती जवळ आला हे मोजतात, म्हणून अक्षर किती खोलीवर उमटावं हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं. खेळणाऱ्यांना ती खोली अगदी वर हवी असते. लिहिणाऱ्याने ती थोडी खाली न्यावी, म्हणजे हलक्या स्विचवरही टेकलेली बोटं चुका करत नाहीत.

माझा शोध सध्या एका मध्यम वजनाच्या सायलेंट लिनिअरवर थांबला आहे, तळाशी साधारण ५८ ग्रॅम, लांब स्प्रिंगचा. करंगळीखालच्या बटणांना त्याच जातीचे, पण एक पायरी हलके स्विच लावले आहेत. एकाच कीबोर्डावर दोन वजनं ठेवायला काहीच हरकत नसते. दोन दिवसांनी फरक जाणवेनासा झाला, आणि करंगळी मात्र गप्प आहे.

तुमचा ठरला, की लगेच पूर्ण संच मागवू नका. दहा स्विचांवर दोन आठवडे काढा. त्यानंतरही मत बदललं नाही तर बटणं मोजा आणि थोडे जास्तच घ्या. ८७ बटणांसाठी ९० घेतले तर तीन पिना दुमडेपर्यंत चिंता नाही.